पायपेटीचे बुडालेले सूर

ज्याच्यासाठी गळा झिजवला, त्यानंच माझे कान काढून घेतले, असं म्हणून मी वर्षभर देवाला बोल लावत होतो. सारं आयुष्य कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेलं आणि ऐकू येणं कमी कमी होत गेलं. इथं गुजराती मुलखात, डिंडोलीतल्या आमच्या मराठी भजनी मंडळात एकदा सूर असा भरकटला, की पोरं गालातल्या गालात हसली. तेव्हापासून मी गाणं सोडलं, देवाशी अबोला धरला. लूमही सुटलं होतं, म्हणून पुतण्याबरोबर रंगकामाला जाऊ लागलो.

नाताळाआधी तापीकाठच्या जुन्या चर्चचं काम मिळालं. तिथे पायपेटी, म्हणजे पायानं भाता मारायची मोठी पेटी, वाजवणाऱ्या एक वयस्कर गुजराती बाई भेटल्या. लूमवर आम्ही ओठ वाचूनच बोलायचो, त्यामुळे त्यांचं बोलणं मला कळे. मी उत्तर दिलं की मात्र सारं चर्च घुमे. त्यांनी सांगितलं, समुद्रातून जहाजं यायची त्या काळी आलेल्या इंग्रजांचं हे चर्च. पुढे नदी गाळानं भरली, व्यापार मुंबईला गेला, साहेबही गेले. भिंतीवर त्यांच्या मेलेल्यांच्या नावांच्या पाट्या तेवढ्या उरल्या. मग इथल्याच माणसांनी त्याच बाकांवर बसून गुजरातीत प्रार्थना चालू ठेवली. तापीच्या महापुरात पायपेटी बुडाली आणि तिचे काही सूर कायमचे गेले.

मग वाजवता कशाला, असं मी जरा कडवटपणेच विचारलं. त्यांनी माझा रंगानं माखलेला हात धरून पेटीच्या लाकडावर ठेवला आणि वाजवायला सुरुवात केली. लाकडाची थरथर माझ्या कोपरापर्यंत आली. मध्येच ती थांबे, तेव्हा बाईंचे ओठ हलत. थांबून त्या म्हणाल्या, "जे सूर न वागे, ए अमे गाई लइए." म्हणजे पेटीत जे सूर वाजत नाहीत, ते तिथली माणसं मिळून गातात. माझे डोळे भरून आले. देव त्यांचा की माझा, हा प्रश्न मला सुचलासुद्धा नाही.

पुढच्या एकादशीला मी मंडळात जाऊन बसलो. पेटीच्या लाकडाला हात लावला, डोळे मिटले आणि गायलो. आपलं चुकेल ते देवानं बघून घ्यावं, एवढंच मनात होतं. मंडळात मागे बसून साथीला गाणाऱ्या बायकोला घरी येताना धीर करून विचारलं, "सूर चुकना का?"

ती दिव्याखाली थांबली, मला ओठ दिसावेत म्हणून.

"चुकना थोडासा," ती म्हणाली. "पन आम्ही व्हतूत ना."