कमलाकरच्या डोळ्याचा मलिदा

राफेल आपटेकरांचा डावा डोळा शाळकरी वयात, आपटा गावच्या नदीकाठी विटी लागून गेला. घरच्यांनी विटी मारणाऱ्याला दोन धपाटे घातले आणि "उजवा आहे ना!" म्हणून विषय संपवला. त्या उजव्यावरच आपटेकरांनी विमा कंपनीत नोकरी केली, अबीगेल पसंत केली आणि निवृत्त झाल्यावर करंजाड्याच्या सोसायटीत बॅडमिंटन सुरू केलं.

डावीकडचं शटल त्यांना जमिनीवर पडल्यावरच दिसे. म्हणून ती बाजू त्यांचा जोडीदार कमलाकर सांभाळायचा. मिठागरवाल्यांचा मुलगा, आता बिल्डर. देह असा, की कुठेही उभा राहिला तरी दोन्ही बाजू झाकल्या जात.

एका सकाळी समोरच्या जोडीतल्या परेशने जाळीजवळून स्मॅश मारला. शटल आपटेकरांकडे निघालं, कमलाकर मध्ये घुसला आणि ते त्याच्या डोळ्यात बसलं. आत रक्त साकळलं. उशांना टेकून बसूनच झोपायचं, वाकायचं नाही आणि नजरेचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मग काय, अर्धं पनवेल कमलाकरच्या पलंगाशी लोटलं. करंजा बंदरातून पापलेटं आली. आपटेकर रोज जाऊन मोसंबी सोलत बसायचे आणि मनातून जळायचे. आपला अख्खा डोळा गेला, तेव्हा साधी मोसंबीसुद्धा कुणी आणली नव्हती! त्यात अबीगेल ज्यूंच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, मलिद्याचा नवस बोलली.

"मलिदा? कमलाकरसाठी?" आपटेकर उसळले. "माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला काय बोलली होतीस?"

"रिक्षा सांगू का, असं बोलले होते."

त्या दिवशी आपटेकरांनीही प्रार्थना केली. देवा, कमलाकरचा डोळा वाचव. पण जरा सावकाश.

देवाने घाई केली. डोळा निवळला आणि मलिद्याच्या दिवशी कमलाकर आपटेकरांच्या दारातूनच ओरडला, "राफेल, दिसतंय रं मना! तुजं टक्कल पन दिसतंय!"

घर हसलं. प्रार्थना झाली, आणि गोड पोह्यांचं, फळांचं पहिलं ताट गेलं कमलाकरपुढे. आपटेकर तरातरा स्वयंपाकघरात गेले.

"पहिलं ताट त्याला? नवरा कोण आहे तुझा?"

अबीगेल खोबरं पसरता पसरता थांबली.

"नवस तुमच्या डोळ्यापायी होता. त्या सकाळी मी कोर्टाबाहेर बाकावर बसून बघत होते. शटल तुमच्या उजव्या डोळ्यावर येत होतं. कमलाकरभाऊ मध्ये पडले नसते, तर..."

ती पुन्हा खोबरं पसरू लागली. आपटेकर उगाच ओटा पुसू लागले. मग बाहेर जाऊन आपल्या ताटातलं सगळं खोबरं त्यांनी कमलाकरच्या ताटात लोटलं.

"आरं, पुरं!" म्हणत कमलाकरने पिशवीतून खेळताना डोक्याला पट्टीने बांधायचे दोन जाड चष्मे काढले. "डॉक्टरनी सांगितलंय. ह्यो तुजा. रोज रोज मी मधी नाय येनार."

दोघांनी चष्मे चढवले. आपटेकरांनी कमलाकरकडे नीट पाहिलं.

"तुझी पट्टी निळी का रे? माझीच काळी?"