येते म्हणून गेलेल्या बाया

ये, अशी जवळ ये. खुर्ची नको ओढूस, हितं माझ्यापुढं खाली बस. मघाशी मैत्रिणीकडं निघताना दारातनं काय ओरडलीस? "आजी, मी जाते गं!" जातं दळायला असतं बाई. माणसानं उंबऱ्यावर उभं राहून 'जाते' म्हणू नये, हे तुला किती वेळा सांगायचं? अवसरीच्या कॉलेजात इंजिनेर झालीस, उद्या बंगळूरला नोकरीवर निघालीस, आणि जिभेला एवढं साधं वळण नाही. 'येते' म्हणावं. जायचं असलं तरी 'येते'च म्हणावं. हसू नकोस. ह्या एका शब्दापायी एक चांगली बाई आपलं गाव सोडून निघाली होती. तुझा तेव्हा जन्म नव्हता, म्हणून सांगते. मैत्रीण थांबेल तुझी.

खोडदला त्या मोठाल्या डिशा उभ्या राहत होत्या तेव्हाची गोष्ट. तू जन्मल्यापासून त्या बघतेस, तुला त्यांचं काही नाही. आम्हाला मात्र पहिल्यांदा बघून वाटलं, राक्षसाच्या घरी लग्न झालंय आणि त्यांनी पराती घासून वाळत घातल्यात. गावात तेव्हा टीव्हीचं भारी वेड. तुझे आजोबा तिथल्या एका तरण्या साहेबाला सरळ विचारून आले, "एवढी मोठी डिश, म्हंजी च्यानल तरी किती लागत्यात, राव?"

साहेब म्हणाले, "काका, हिच्यावर चित्रं दिसत नाहीत. लांबच्या ताऱ्यांकडून जे येतं, ते आम्ही ऐकतो."

आजोबा घरी येऊन मला म्हणाले, "येडं हाय बिचारं, पण सरळ हाय. भाड्यानं खोली हुडकतंय. देऊन टाकू."

असे ते साहेब आणि त्यांची नवी नवरी आपल्या पुढच्या दोन खोल्यांत राहायला आली. माणसं कानपूरकडची. साहेब पुण्यात शिकलेले, त्यांना मराठी यायचं. बाईला आमच्या बोलण्यातलं अक्षर कळत नव्हतं. गावानं तिचं बारसं लगेच उरकलं. डिशवाली.

तिला गावात रुळवायचं काम माझ्याकडं आलं. कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं. नळाला पाणी आलं की आधी हंडा लावायचा, मग तोंड धुवायचं. बाजारात भाव पटला नाही की पिशवी उचलून चालू लागायचं, भाजीवाला आपसूक हाक मारतो. लाइट गेली तर गप बसायचं आणि आली की ओरडायचं. पोरगी हुशार. सगळं पटापट उचललं. फक्त एके दिवशी दबक्या आवाजात मला विचारती, "मावशी, ये पावणे कौन हैं?"

"कुठले पावणे?" मी विचारलं. ती हिंदीतच बोलली, तुला मी मराठीत सांगते.

"एसटीचा कंडक्टर यांना म्हणतो, पुढे व्हा पावणं. किराणावाला म्हणतो, काय देऊ पावणं. आमचं आडनाव तर वेगळं आहे. यांनी पुण्यात असताना नाव बदललं होतं का?"

नवऱ्याचं आधी कुठं दुसरं लग्नबिग्न झालंय का, इथपर्यंत तिचा विचार जाऊन पोचला होता. मला हसू आवरेना. म्हटलं, "अगं, पावणं म्हंजी पाहुणा. अनोळखी माणसाला आमी पावणंच म्हणतो."

"मग पाहुण्याला पुढे व्हा, पुढे व्हा म्हणून ढकलतात कशाला?"



मग मी तिला मराठी शिकवायला बसले. माझी शाळा किती, तर पोरं झोपली की त्यांची पुस्तकं वाचण्याएवढी. जशी मास्तरीण, तसं शिकवणं पण सोपं. 'ये' म्हणजे आओ. 'जा' म्हणजे जाओ. 'येते' म्हणजे मैं आती हूँ. झालं. पुढच्या सगळ्या घोळाचं बी हितंच पेरलं गेलं.

नवं बिऱ्हाड म्हटल्यावर बाया बघायला येणारच. पहिल्या आल्या शिंपीणकाकू. भांडी किती, पंखा कसला, पडदे कुठनं शिवले, सगळं बघितलं. तिनं चहा विचारला तर काकू म्हणाल्या, "आत्ता नगं. येते हं!" आणि गेल्या.

आता तूच सांग, नुकतं मराठी शिकलेल्या माणसानं काय समजावं? आत्ता नको, येते. म्हणजे घरी काहीतरी ठेवून येतीय, आल्यावर घेईल. डिशवालीनं चहा टाकला. चांगला दुधाचा, आलं ठेचून. झाकण ठेवून दाराशी बसली. काकू घरी जाऊन भाकरी थापत होत्या.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई आल्या. "येते हं." चहा. मग अंगणवाडीच्या बाई. "बरं, येते." चहा. थंड झालेला तो सगळा चहा मागल्या दारी आपल्या कुत्र्याला मिळायचा. ते कुत्रं इतकं सोकावलं, की दिवस कलला की तिच्या दाराशी हजर. आलं कमी असलं तर तोंड फिरवायचं.

मी रोज चार वेळा तिच्याकडनं 'येते' म्हणून जायची. पण आमच्या दोन घरांत मधलं दार होतं. मी 'येते' म्हणून निघायची आणि मीठ नाहीतर लसूण मागायला खरंच परत यायची. म्हणून तिच्या लेखी सगळ्या गावात मी एकटीच शब्दाची पक्की.

तिच्याकडं दूध आपल्या म्हशीचं जायचं. रतीब वाढत चालला. आजोबांनी विचारलं, "दोन माणसांना एवढं दूध कशाला लागतंय? डिशीला पाजत्यात काय?"

हे शिंपीणकाकूंनी ऐकलं. नव्या नवरीला दूध जास्त लागतंय, म्हणजे काय ते बाईला सांगावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, डिशवालीला दिवस गेलेत. मग काय! कुणी चिंचा घेऊन आलं, कुणी कैऱ्या, कुणी आवळ्याचं लोणचं. आली ती तिच्या पोटाकडं बघून गोड हसायची, चिंचा हातात द्यायची आणि म्हणायची, "येते हं!" तिनं चहा टाकायचा. दूध आणखी वाढायचं. दूध वाढलं की बाया म्हणायच्या, बघा, म्हटलं नव्हतं? दुसऱ्या दिवशी चिंचा आणखी. तिच्या घरात चिंचेचं दुकान झालं आणि पोरगी मात्र वाळत चालली. तर त्यावर पण बायांचं म्हणणं, पहिलटकरणीचं असंच असतं.

मला वाटलं, माहेरची आठवण येत असेल. आजोबा म्हणाले, "सायेब दिवसभर ताऱ्यांचं ऐकतंय, घरचं ऐकतंय का, ते बघ."

एके दिवशी सकाळी ती माझ्याकडं आली, नवी साडी नेसून. डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, यांनी पुण्याच्या ऑफिसात बदली मागितली. मी पुढे जाऊन घर बघते. आज दुपारच्या गाडीनं मी जाते."

मी बाकी काही ऐकलंच नाही. तिच्या तोंडावर हात ठेवला. "अगं, जाते म्हणू नये!"

"मग काय म्हणू?"

"येते म्हणावं."

"पण मी येणार नाही!"

"न्हाई आलीस तरी येतेच म्हणायचं असतंय."

अशी बघायला लागली माझ्याकडं, जणू मी तिचा हंडा चोरला. आणि मग जी सुटली! अर्धं मराठी, अर्धं हिंदी. "म्हणजे तुम्ही सगळ्या मुद्दाम करता! ती शिंपीण आँटी येते म्हणाली, आली नाही. पाटलीण आँटी येते म्हणाली, नाही आली. मी चाय बनवून दाराशी बसते, रोज! माझ्या हातचं प्यायचं नाही तर तसं सांगा ना. इमली कशाला देता? माझं तोंड आंबट व्हावं म्हणून?"

पोरी, मला आधी हसू आलं आणि लगेच विरलं. आपण बुद्धाची माणसं. आपल्या दारात 'चहा नको' म्हणून उभ्याउभ्या निघून जाणारी माणसं मी लहानपणी पुष्कळ बघितली. तिच्या पोटात काय दुखत होतं ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. म्हणून तिला धरून ओट्यावर बसवली आणि सगळं उलगडून सांगितलं. आमच्याकडं 'जाते' हे कायमचं जाणाऱ्याचं बोलणं. निघणाऱ्यानं 'येते' म्हणायचं, म्हणजे मी पुन्हा कधीतरी येईन. आज न्हाई. चहाला तर न्हाईच.

तिनं बोटांवर बाया मोजल्या. मग म्हणाली, "सगळ्याच?"

"सगळ्याच."

"आणि इमली?"

ते सांगितल्यावर तिनं पदर तोंडात कोंबला. मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की आजोबा गोठ्यातनं पळत आले. सगळं ऐकून ते खांबाला टेकले आणि म्हणाले, "म्हंजी माझ्या म्हशीचं दूध 'येते'पायी कुत्र्याच्या पोटात गेलं तर!"

पण हसून भागणार होतं का? नवऱ्यानं बदली मागितलेली, ट्रंक भरलेली. ती म्हणाली, "कळलं, मावशी. पण घरात चहाला कुणी बसलं नाही, हे तर खरंच आहे ना?" खरंच होतं ते. तिला म्हटलं, "आजची गाडी चुकव. उद्याची काय पळून जात न्हाई."

आणि मी निघाले गावात. शिंपीणकाकूंना गाठलं. "काय हो, तुमी डिशवालीला येते म्हणाला होता न्हवं?"

"म्हणाले आसंन. का?"

"ती अजून वाट बघतीय."

घरोघर हेच सांगितलं. काकूंनी कपाळावर हात मारला. पाटलीणबाई म्हणाल्या, "आगं बाई, मी तर बाळंतविड्याची कुंची शिवायला टाकली!"

दिवस कलायच्या आत येते म्हणून गेलेल्या साऱ्या बाया तिच्या दारात. प्रत्येकीच्या हातात दुधाचा तांब्या, कारण म्हशीचं दूध आता पुरणार नाही हे आजोबांनी आधीच जाहीर केलं होतं. दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही. डिशवाली एकदा रडती, एकदा हसती, आणि चहा टाकती. पातेलं पुरेना म्हणून माझं पाणी तापवायचं तपेलं स्टोव्हवर चढवलं. कप पुरेनात म्हणून शिंपीणकाकू वाटीनं प्यायल्या. पाटलीणबाईंनी दोनदा घेतला. कुत्र्याला त्या दिवशी थेंब मिळाला नाही. ते दारात बसून सगळ्यांकडं असं बघत होतं, जणू आम्ही त्याच्या घरावर दरवडा घातला.

खरी गंमत निघताना. शिंपीणकाकू उठल्या, पदर सावरला, दारापर्यंत गेल्या, तोंड उघडलं आणि थबकल्या. 'येते' म्हणावं तर ही पुन्हा चहा टाकणार. 'जाते' म्हणायची तर सोय नाही. "बरं मग," म्हणाल्या आणि तिथंच उभ्या. त्यांच्या मागं पाटलीणबाई. "हं, मग..." त्याही उभ्या. अंगणवाडीच्या बाई शिकलेल्या, त्यांनी "अच्छा, टाटा" म्हणून बघितलं, पण ते त्यांचं त्यांनाच पटेना. दारात ही गर्दी! बाहेरून साहेब आले, त्यांना घरात शिरता येईना. घाबरून विचारतात, "काय झालं?"

डिशवाली स्टोव्हपासून उठली. हात पुसले, दाराशी आली. आणि कुणीही न शिकवता, अगदी आपल्या गावच्या लेकीसारखी मान हलवून म्हणाली, "या हं!"

एका सुरात सगळ्या बाया ओरडल्या, "येतो गं!" आणि भाकऱ्या टाकायला पळाल्या.

तिनं चहा टाकला नाही. ट्रंकेतल्या साड्या काढून खुंट्यांवर टांगल्या. साहेबांनी बदली मागं घेतली. पुढं क्वार्टर मिळत होतं तर तेही ती नको म्हणाली. वर्षानुवर्षं राहिली आपल्यात. कुंचीही वाया गेली नाही, उशिरानं का होईना, कामाला आली. नवं बिऱ्हाड गावात आलं की आधी हीच जायची आणि बजावायची, "इथे बायका येते म्हणतील. चहा टाकू नका!"

पुढं साहेबांची खरंच लांब बदली झाली. टेम्पो भरला. ती माझ्या पाया पडली, दोघी रडलो, आणि टेम्पोत चढताना म्हणाली, "मावशी, येते."

मी घरात आले आणि चहा टाकला. दुधाचा, आलं ठेचून. आजोबा म्हणाले, "खुळी झालीस काय? गेली ती." मी म्हटलं, "येते म्हणालीय." झाकण ठेवून मी दाराशी बसले, कुत्र्याशेजारी. आणि पोरी, टेम्पो आला की गं परत! लोणच्याची बरणी माझ्याच ओट्यावर विसरली होती. दारातनंच तिला आल्याच्या चहाचा वास आला. आत पातेल्यावर झाकण बघून ती उंबऱ्यावरच बसली, आणि साहेब टेम्पोवाल्याला म्हणाले, "दहा मिनिटं थांब रे, चहा होऊ दे."

आता ऊठ, मैत्रीण ताटकळली असेल तुझी. उद्या बंगळूरला पोचलीस की शेजारच्या बाईकडं आधी जा, तिथं निघताना काय म्हणतात ते विचारून घे. आणि सकाळी हितनं निघताना नीट 'येते' म्हण. मी पातेलं काढून ठेवणार आहे. लवकर ये गं बाई, चहा फार वेळ झाकून ठेवला की कडू होतो.