दारावरचा कागद

म्हातारीच्या हातावरून झुरळ चाललं होतं आणि ती ते झटकत नव्हती.

ती चटईवर कुशीवर पडली होती, तोंड बंद खोलीच्या दाराकडे. झुरळ मनगटावरून चढलं, बांगड्यांपाशी थांबलं, कोपरापर्यंत गेलं आणि तिथून खाली पडलं. पाठीवर. पाय दोनदा हलले आणि थांबले.

सकाळचे अकरा वाजले होते. घरात लख्ख उजेड. झुरळ उजेडाला भितं, हे लहान मूलही सांगेल. पण त्या बंद दाराखालच्या फटीतून एकामागून एक झुरळं उजेडात येत होती. धावत नव्हती. दमलेल्या माणसासारखी चालत होती. हातभर पुढे येऊन उलटी होत होती. फरशीवर तांबड्या पोटांचा सडा पडला होता.

"आत्याबाई सकाळपासून उठल्याच नाहीत," घरातली सून शैला सासूबद्दल म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून बसली होती. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. "रात्री उलट्या झाल्या त्यांना. मलाही कसंतरीच होतंय. मावशी, तुमचं औषधच बाधलंय आम्हाला."

औषध माझंच होतं. दोन दिवसांपूर्वी मीच मारलं होतं.

माझं काम सांगते. शाळा चौथीपर्यंत. माहेर-सासर दोन्ही रहिमतपूरच्या बाजूला. नवरा गेल्यावर साताऱ्याला आले आणि पलटणीतून रिटायर झालेल्या एका हवालदारांकडे कामाला लागले. त्यांनी पेस्ट कंट्रोलचा धंदा काढला होता. पेस्ट कंट्रोल म्हणजे झुरळं, ढेकूण, वाळवी, उंदीर यांचा बंदोबस्त. त्यांच्याकडे पुरुष माणसं होती, पण बायका त्यांना स्वयंपाकघरात घेत नसत. कोण परका गडी येऊन लोणच्याची बरणी हलवणार, देव्हाऱ्यातले देव उचलणार? म्हणून मला ठेवलं. मी भांडी काढायची, देव पाटावर घेऊन वर झाकण घालायचं, डबे बाहेर न्यायचे. पुढे पुढे पंपही मीच मारायला लागले. हवालदार म्हणायचे, "आक्का, तुमचा हात बारीक फटीत जातो."

फटच आमचं सगळं असतं. झुरळ मोकळ्यावर राहत नाही. त्याला पाठ आणि पोट दोन्ही टेकतील अशी जागा लागते. बिजागरीमागे, कॅलेंडरमागे, चिकटवलेल्या कागदामागे. खळीने चिकटवलेला कागद असेल तर त्याला घर आणि जेवण एकाच जागी. म्हणून जिथे कागद दिसेल तिथे आधी खरवडायचा, मग औषध मारायचं. हे मी स्वतः शिकले होते आणि नव्या बायकांना शिकवत होते.

त्या आठवड्यात आम्ही सांगलीला होतो. विश्रामबागेत एका वसतिगृहाचं काम चाललं होतं. तिथूनच जवळ, दुसऱ्या मजल्यावर, शैलाचं भाड्याचं घर. नवरा ऑफिसात. घरी शैला, तिची सासू आणि चार वर्षांची मुलगी सोनी. सासू जतकडची. घरमालकाने तीन खोल्यांतल्या दोन दिल्या होत्या आणि एक आपल्या सामानासाठी कुलूप लावून ठेवली होती. असं पुष्कळ मालक करतात. भाडेकरूने त्या कुलपाकडे बघायचंही नाही.

सोमवारी पहिल्यांदा गेले तेव्हा शैला ते दार दाखवून म्हणाली, "सगळी झुरळं इथूनच येतात. मालकांना दहा वेळा सांगितलं. काल आले, तासभर आत काय करत होते कुणास ठाऊक, आणि जाताना हे चिकटवून गेले."

दाराच्या चारी बाजूंनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावल्या होत्या. खळीने. खालची फटसुद्धा बंद. काम नीटनेटकं होतं.

"कशाला लावलं म्हनं?"

"झुरळं बाहेर येऊ नयेत म्हणून, म्हणाले."

मी हसले. म्हणाले, "बाई, ही तर झुरळांची खाणावळ झाली." सासूही हसली. बोळकं तोंड उघडून म्हणाली, "मालकाला काय कळतंय? त्यो आपला भाडं घ्यायला येतुया."

मग मी पाण्याचा बोळा घेतला, पट्ट्या भिजवल्या आणि सुरीने एकूण एक खरवडून काढल्या. फटीत औषध मारलं. खिडक्या लावून घ्यायला सांगितलं, म्हणजे औषध उडून जात नाही. चार तास बाहेर बसा, नंतर आलात तरी आजचा दिवस खिडक्या उघडू नका. पंप धुतला आणि निघाले.

बुधवारी शैलाच्या नवऱ्याचा वसतिगृहावर फोन आला. झुरळं भर दिवसा बाहेर पडतायत, आई आजारी आहे, येऊन बघा. हवालदार स्वतः माझ्याबरोबर आले.

दारातून आत शिरल्यावर त्यांनी फरशीकडे पाहिलं आणि खूश झाले.

"फ्लशिंग हाय, आक्का. औषध लागू पडलंय."

फ्लशिंग म्हणजे औषधाच्या वासाने लपलेली झुरळं बाहेर पळत सुटणं. ते आम्हाला हवंच असतं.

"फ्लशिंग दोन दिस चालतं व्हय?" मी विचारलं.

"वस्ती जुनी असंल. आत लय असतील."

"आन ही पळत का न्हाईत मग?"

"आता मरायला टेकलेलं काय पळंल?"

ते शैलाला समजवायला लागले की औषध माणसाला बाधत नाही, पथ्य पाळलं नसेल. शैला चिडून म्हणाली, "पथ्य? तुम्ही सांगितलं तसं आम्ही खिडक्यासुद्धा उघडल्या नाहीत. दोन दिवस. मरायला झालंय उकाड्याने. हे तर रात्री गच्चीत झोपतात."

मी एकच दिवस सांगितला होता. तिने घाबरून दोन पाळले होते.

सोनी जेवणाच्या टेबलाखाली बसली होती. हातात खराट्याची काडी. तिने मेलेली झुरळं ओळीने मांडली होती. चार ओळी. प्रत्येक ओळीत झुरळाचं तोंड एकीकडेच.

"काय गं हे?" मी वाकून विचारलं.

"शाळा भरलीय," ती म्हणाली. "हे सगळे झोपलेत. हा एक हलतोय, त्याला शिक्षा."

"कधीपासून मांडतीयस?"

"काल हा वर्ग मांडला. आज तो."

ते ऐकून मला खटकलं. का, ते तेव्हा लगेच कळलं नाही. मी त्या कालच्या ओळीकडे बघत राहिले. किडे जसेच्या तसे होते. मिशाही शाबूत. टेबलावर गुळाचा खडा उघडा पडला होता. तोही जसाच्या तसा. खिडकीच्या कोपऱ्यात एक पाल पडली होती, पोट वर. ओट्याखालच्या बादलीत खरकटं होतं आणि त्याच्यावर एकही माशी नव्हती.

"आवं हवालदार," मी म्हणाले. "मुंग्या कुठं हायत?"

"मुंग्यांचं काय काढलंत आता?"

"मेल्यालं झुरळ कालपास्नं पडलंय. गूळ उघडा हाय. घरात एक मुंगी न्हाई. मी मुंगीचं औषध मारल्यालंच न्हाई."

हवालदारांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. पंचवीस वर्षं सैन्यात काढलेला माणूस. काही चुकतंय हे त्यांना कळलं, पण काय ते कळेना.

मी चटईपाशी गेले आणि म्हातारीच्या शेजारी गुडघे टेकले. तोंड खाली, दाराच्या फटीशी नेलं तेव्हा वास आला. कुजक्या लसणासारखा. सोमवारी तो असलाच पाहिजे, पण त्या दिवशी माझ्या नाकात माझंच औषध भरलं होतं.

हा वास मला पाठ होता. आमच्याकडे ज्वारी-गहू पोत्यात भरले की किडीसाठी गोळ्या टाकतात. हवेतली ओल लागली की त्या गोळीतून गॅस सुटतो. धान्यातला पोरकिडा मरतो, उंदीर मरतो, आणि कोंडून बसलं तर माणूसही मरतं. म्हणून गावाकडे धान्याची खोली घरापासून लांब, गोठ्याच्या पलीकडे. फटी बुजवायच्या, दार लावायचं आणि आठ-पंधरा दिवस तिकडे पोराबाळांना फिरकू द्यायचं नाही.

फटी बुजवायच्या. कागदाने.

तो कागद झुरळांसाठी नव्हता.

"उचला!" मी ओरडले. "म्हातारीला उचला, भायेर काढा! आत धान्याच्या गोळ्या हायत!"

हवालदारांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. चटईसकट म्हातारीला खांद्यावर घेतलं. मी टेबलाखालून सोनीला ओढलं. तिचा हात थंड होता, पाटावरच्या पिठासारखा. ती रडायला लागली, "माझी शाळा, माझी शाळा." शैलाला उभं राहता येईना. तिला मी ढकलत, ओढत जिन्यापर्यंत आणलं.

गच्चीत वारा होता. म्हातारीला तिथे आडवं केलं. श्वास चालत होता, पण मोजून मोजून, जणू प्रत्येक वेळी ठरवून घ्यावा तसा. हवालदार ओला टॉवेल तोंडाला बांधून परत आत गेले आणि सगळ्या खिडक्या उघडून आले.

"कुलूप तोडू का?" ते खोकत म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या कुलूप. दार उघडलं तर आतला समदा गॅस भायेर ईल. पयलं रिक्षा बघा."

दोन रिक्षा केल्या. पहिलीत हवालदार म्हातारीला घेऊन. दुसरीत मी, शैला आणि सोनी. रिक्षात शैलाने माझ्या पायावर ओकलं. सोनी माझ्या मांडीवर बसून बाहेर बघत होती. मला म्हणाली, "मावशी, आजीला शिक्षा केली का?"

"न्हाई गं. आजी झोपलीय."

"मग तिला का उचललं?"

दवाखान्यात सगळी धावपळ म्हातारीकडे झाली. ती बेशुद्ध होती, म्हातारी होती, तिचं काही खरं नव्हतं. नळ्या, सुया, ऑक्सिजन. मी भेटेल त्या डॉक्टरला सांगत होते, धान्याच्या गोळीचा गॅस आहे, तिघींनाही लागलाय. एक तरुण डॉक्टर म्हणाला, "बाई, या गॅसवर उतारा नसतो. हृदय चालू ठेवायचं, एवढंच हातात आहे." त्याने शैलाला खाटेवर घेतलं. सोनीला तपासलं. ती बोलत होती, चालत होती. तिला बाकावर बसवून ठेवा म्हणाला, लक्ष ठेवा.

मी लक्ष ठेवलं. तिने बिस्किट मागितलं. अर्धं खाल्लं. मग माझ्या पदराला डोकं लावून म्हणाली, "झोप येतेय." मी झोपू दिलं नाही. तिला नावं विचारली, रंग विचारले. मग ती उत्तरं द्यायची थांबली. मी तिला उचलून धावत आत नेलं. तोवर तिच्या ओठांचा रंग गेला होता.

संध्याकाळी पोलिसांनी घरमालकाला आणलं. खोली उघडली. आत नऊ पोती ज्वारी, खिडकीला आतून कागद, पोत्यांच्या मध्ये गोळ्या. भाडेकरू कटकट करतील म्हणून त्याने झुरळांचं कारण सांगितलं होतं. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होता. एकच गोष्ट तो परत परत म्हणत होता.

"मी कागद लावला होता, साहेब. चारी बाजूंनी लावला होता. कागद कुणी काढला?"

शैलाच्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं, तो सोमवारी ऑफिसात होता. शैला ग्लानीत होती. हवालदारांनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "आक्का, गप ऱ्हावा. तुमाला काय माहीत व्हतं?"

"कागद मी काढला," मी म्हणाले.

पोलिसाने वहीतून मान वर केली. "तुम्ही कोण?"

"झुरळं मारायला आलेली बाई."

त्याने लिहून घेतलं. माझा अंगठा घेणार होता, मी सही केली. पुढे दोन वेळा साक्षीला बोलावलं. तिथेही तेच सांगितलं. घरमालक माझ्याकडे बघत नव्हता आणि मी त्याच्याकडे बघत होते. त्याने खोटं सांगितलं आणि मी ते खरं धरलं. दोन्ही लागलं, तेव्हा ते घडलं.

मी काम सोडलं नाही. लोकांना वाटतं सोडलं असेल. सोडून खाणार काय? अजून बारा वर्षं केलं. पण पद्धत बदलली. बंद खोली असेल तर मालक स्वतः समोर उभा राहून कुलूप काढेपर्यंत पंपात औषध भरत नसे. दोन-चार गिऱ्हाइकं त्यावरून गेली. हवालदार कुरकुरले नाहीत. आणि कुठे कागद चिकटवलेला दिसला, तर तो ज्याने लावला त्याच्याच तोंडून ऐकायचं, कशाला लावला. दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही. नव्या बायकांना मी एवढंच शिकवलं. का ते सांगितलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं.

मला दोन दिवस उलट्या झाल्या, मग थांबल्या. हवालदारांचा खोकला महिनाभर राहिला. शैला आठ दिवसांनी घरी गेली. त्या घरी नाही, जतला. म्हातारी अकराव्या दिवशी शुद्धीवर आली आणि तिने पाणी मागितलं. ती पुढे बरीच वर्षं जगली.

सोनी त्याच रात्री गेली.