देवघरातली खीळ

कल्याणला मी फौजदार असतानाची ती घटना अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नावं सांगणार नाही. त्या घरांतली नातवंडं आज तिथेच नांदत आहेत.

फिर्यादी मिठागरांचा मालक. त्याच्याकडे शर्यतीचा जुना टांगा होता, हलका, दोन चाकांचा, एके काळी पार ठाण्यापर्यंत नाव गाजवलेला. शहाडच्या रस्त्यावर तो भरधाव असताना चाक गेलं आणि टांगा हाकणारा मालकाचा धाकटा भाऊ जागीच ठार झाला. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला लोखंडी खीळ असते. ती जागेवर नव्हती. त्याच सकाळी गाडीवान मालकाशी कडाडून भांडला होता आणि टांगा हाकायला त्याने साफ नकार दिला होता, अशी खबर बाजारातून आलीच होती. मालक म्हणाला, यानेच खीळ काढली. झालं, गाडीवान कोठडीत. आरोप खुनाचा, म्हणजे फासच समोर. त्याची बायको रोज भाकरी घेऊन चौकीच्या पायरीवर बसायची. रडायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची. ते मला फार जड जायचं.

हवालदार म्हणाला, दोन ठेवून दिल्या की पोपटासारखा बोलेल. मी त्याला गप्प केलं. मारून काढलेल्या जबानीची मला किळस होती. भांडण कशावरून झालं, एवढंच मी गाडीवानाला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि तोही एकच उत्तर देत राहिला.

"धाव ढिली झालेली, सायेब. टांगा भायेर कारू नका, असा मालकाला सांगितला. मालक बोलला, जुन्या गारीवर किती खरच करू?"

धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. उन्हाने लाकूड आकसलं की ती सैल होते, मग लोहाराकडून तापवून पुन्हा चढवावी लागते. लोहाराकडे चौकशी केली, तर हा टांगा त्याच्याकडे कित्येक महिन्यांत फिरकलाच नव्हता. लगाम मात्र नवे कोरे आणि घुंगरू पितळेचे. चारचौघांना दिसेल तिथे माणसं हात सैल सोडतात, हे मी नोकरीभर पाहिलं.

मी मोडका टांगा पुन्हा नीट पाहिला. पंचनाम्याप्रमाणे धाव बरीच मागे रस्त्यात सापडली होती, पुढे आऱ्यांचे तुकडे. चाकाचा मधला तुंबा मात्र आसावर तसाच बसलेला. अरे, खीळ आधी काढली असती, तर अख्खं चाकच तुंब्यासकट निसटलं नसतं का? म्हणजे ती अपघातानंतर कोणीतरी काढली होती. आणि टांग्यापाशी सर्वांत आधी पोचला होता मालक.

मालकाने खीळ खाडीत फेकली असेल, आता कुठे मिळते, असं हवालदाराचं मत. मला ते पटेना. या घरांत दसऱ्याला गाडीच्या प्रत्येक लोखंडाला हळदकुंकू लागतं. पूजलेली वस्तू असा माणूस फेकत नाही. पंच घेऊन मी मालकाच्या घरी गेलो, जोडे काढले आणि देवघर उघडायला सांगितलं. देवांच्या मागे फडक्यात गुंडाळलेली खीळ होती. तिच्या खाचेत अजून कुंकू होतं.

भावाची विधवा दारात उभी होती. तिच्याकडे बोट करून मालक म्हणाला, "माझ्या चिकटपणापायी भाऊ गेला, हे हिला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

ती शांतपणे म्हणाली, "धावेच्या खर्चाचं मला आधी सांगायचं होतंत, दादा. तेव्हा माझ्या हातात पाटल्या होत्या."

खोट्या फिर्यादीबद्दल त्याच्यावर खटला भरला गेला आणि त्याला शिक्षाही झाली. पुढच्या प्रत्येक प्रकरणात कोणी काय केलं हे विचारण्याआधी कोणी काय करायचं टाळलं, हे मी विचारत आलो. त्यामुळे बरेच निर्दोष सुटले.

गाडीवानाला सोडलं, तेव्हा त्याची बायको पायरीवरून उठली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"उद्या भाकरी आनायची नाय ना, सायेब?"

मी म्हटलं, नाही. मग तिला रडू फुटलं.