उतारावरचा न्यूट्रल

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली, तेव्हा मी दवाखान्यातच रडले. गुडघ्यासाठी नाही, गाडीसाठी. उदगीरला आईकडे एकदा स्वतः गाडी चालवत जायचं, हे कितीतरी वर्षं मनात होतं. मग ह्यांनी नांदेडातच एक जुनी ऑटोमॅटिक शोधून आणली. क्लचच नाही! मी गल्लीत पेढे वाटले.

पण किल्ली काही माझ्या हातात येईना. "आधी मी हात बसवतो, मग तू घे," म्हणून हे आठवडाभर एकटेच फिरले आणि तोंड पाडून घरी आले. गाडी धक्के मारते म्हणे. सिग्नल सुटला की धक्का, उतार संपला की धक्का.

"गिअरबॉक्स गेलाय. इकून टाकू."

"इकून टाकू? अजून मी बसले बी न्हाई तिच्यात!" माझा पारा चढला. त्याच पावली मी गाडी ओळखीच्या मिस्त्रींकडे न्यायला लावली.

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवली, वास घेतला. "तेल लाल हाय, बराबर हाय. जळका वासबी न्हाई, वहिनी." मग स्वतः चक्कर मारून आले. एकही धक्का नाही. लगेच हे बसले, चौकापर्यंत जाऊन आले, तर येताना धाडकन धक्का! मिस्त्री पुन्हा बसले, गाडी पुन्हा शहाणी.

"साहेब, गाडीचं तुमच्याशी जमंना," मिस्त्री हसले. ह्यांना काही हसू आलं नाही.

मी म्हटलं, आता मी शेजारी बसते, गावाबाहेर चला. रस्त्याकडे बघायचंच नाही, ह्यांच्या हातांकडे बघायचं, असं ठरवून बसले. पहिला उतार दिसला मात्र, ह्यांचा डावा हात आपसूक दांडीवर गेला आणि गाडी न्यूट्रल झाली. उतार संपला, पाय ॲक्सिलरेटरवर, इंजिन कोकलतंय, आणि तशातच दांडी परत डीमध्ये, म्हणजे गिअरमध्ये. धाडकन!

"अहो, न्यूट्रल कशाला केली?"

"मग? उतार हाय की. उगं पेट्रोल जाळू का?"

मला इतकं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. उतार दिसला की गाडी सोडून द्यायची, ही आमच्याकडच्या बाप्यांची खोडच. सासरे जीपसुद्धा अशीच सोडायचे. उतार असो की सिग्नल, ह्यांचा हात तिथं इतक्या वर्षांच्या सवयीनं जात होता, आणि धक्का त्यानंच बसतोय याचा त्यांना पत्ताही नव्हता. पुढच्या उताराला मी तो हात धरूनच ठेवला. गाडी गुपचूप खाली गेली आणि गुपचूप वर चढली. "असंच चाललं असतं तर खरंच गेला असता गिअरबॉक्स," मिस्त्री नंतर म्हणाले.

रविवारी उदगीरला गाडी मी नेली. अहमदपूरच्या अलीकडे उतार लागला, तसा शेजारून हात आलाच. मी चापट मारली. त्यावर दोघंही बराच वेळ हसत होतो. खिडकीतून गरम वारा येत होता, आणि मला तोही आवडत होता.

गाडीचा आवाज ऐकून आई बाहेर आली. सवयीनं डावीकडे जाऊन तिनं लेकीसाठी दार उघडलं, तर आत जावई, मांडीवर माझी पर्स. आईनं पदर सावरला आणि वाकून पलीकडे पाहिलं. मी उगाचच दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते, तिनं नीट बघावं म्हणून.

"तू आणलीस?"

"हाव."

ज्या जावयाला ती कधी पाटावर बसवल्याशिवाय पाणी देत नाही, त्याला म्हणाली, "उतरा वाईच," आणि त्याला उन्हात उभं करून माझ्याशेजारी येऊन बसली.

"चल," म्हणाली, "किल्ल्यापर्यंत ने मला."