बुटक्या दाराची खोली आणि गांगुर्डे बाई

शकुंतला गांगुर्डे बाईंची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या कला महाविद्यालयात झाली. प्रवेशासाठी मी मनमाडहून मातीचा एक हमाल घडवून आणला होता. बाईंनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारले, "याची पाठ का नाही केलीस? हमालाचं सगळं पाठीवर असतं." मी खजील झाले. प्रवेश मात्र मिळाला.

बाई शिल्पकला शिकवीत. अभ्यासक्रम पुतळ्यांपाशी थांबे, बाई थांबत नसत. ज्या कलाकृतीत प्रेक्षकाला आत शिरावे लागते, जिचा वास, अंधार, आवाज अंगावर घ्यावा लागतो, अशा मांडणशिल्पांच्या स्लाइड्स त्या कुठून कुठून मिळवून आम्हांला दाखवीत.

"हे परीक्षेला येत नाही," विभागप्रमुख सुनावत.

"मग परीक्षा बदला," बाई म्हणत.

मी शेवटच्या वर्षाला असताना शहरातल्या एका संस्थेने बाईंना प्रदर्शनासाठी दालन दिले. द्राक्षबागांत मजुरीला येणाऱ्या, पेठ तालुक्यातल्या सात बायकांना सोबत घेऊन बाईंनी तिथे कारवीच्या काठ्या विणून केलेल्या कुडाची एक खोली उभारली. कूड त्या बायकांनीच शेणमातीने लिंपला. आत अंधार, पायाखाली भाताचे तूस, कानावर जात्याची घरघर. दार इतके बुटके, की वाकल्याशिवाय आत जाताच येऊ नये.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संस्थेचे कार्यवाह आले. "प्रमुख पाहुणे काय वाकून जाणार? दार उंच करा."

"येसूबाईंच्या घराचं दार एवढंच आहे," त्या सातजणींतल्या थोरलीकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या. "त्या रोज वाकतात. पाहुण्यांनी एकदा वाकावं."

सकाळी आम्ही पोहोचलो, तेव्हा खोली नव्हती. दालनामागे माती आणि मोडलेल्या कुडाचा ढीग होता, आत खुर्च्यांच्या रांगा. "कचरा होता, साफ केला," कार्यवाह म्हणाले. सात बायकांच्या श्रमांना कचरा! तेवढ्यात त्या सातजणी ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. येसूबाईंनी दालनभर नजर फिरवली.

"बाई, आमचं घर कुठं हाय?"

बाईंनी सातहीजणींना पहिल्या रांगेत बसवले. कार्यवाह धावत आले. "अहो, या पाहुण्यांच्या खुर्च्या आहेत!"

"या कलाकार आहेत, आणि तुम्ही यांचं काम मोडलंत. ते आधी माइकवर सांगा. मग यांना उठवा."

कार्यवाहांनी माइक हातात घेतला नाही, आणि बायकाही उठल्या नाहीत. पाहुणे दुसऱ्या रांगेत बसले. मी मात्र भिंतीशी उभी राहून गप्प होते. त्याची लाज मला अजून वाटते.

महाविद्यालयाने बाईंना शिस्तभंगाची नोटीस दिली. संस्थेनेच त्या सातजणींची लेखी माफी मागावी, असे बाईंनी उत्तरात कळवले आणि पुढच्याच महिन्यात तीच खोली पेठ तालुक्यात, येसूबाईंच्या अंगणात पुन्हा उभी केली. या वेळी माती कालवायला मीही होते. नाशिकची माणसे घाट ओलांडून आली आणि एकेक करून वाकून आत गेली. येसूबाई प्रत्येकाला बजावत होत्या, "डोकं सांभाळा, लय खाली हाय."

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी "जुन्या कटू गोष्टी टाळाव्यात" असे मला सुचवण्यात आले होते. त्याच संस्थेचा शुभेच्छासंदेश या ग्रंथात छापला जाणार आहे, असे कळल्यावर मी त्या मुद्दाम लिहिल्या. माफीचे पत्र अद्याप आलेले नाही.

साठीनंतरही बाईंना उत्तम आरोग्य, भरपूर काम आणि दीर्घ आयुष्य लाभो. त्या कार्यवाहांनाही लाभो. त्यांच्याकडून एक पत्र लिहायचे राहिले आहे.