मामांच्या करगोट्याची किल्ली

माझ्या बायकोच्या मामांइतका जुन्या कपाटांची बाजू घेणारा माणूस अख्ख्या मुळशीत सापडायचा नाही. रिहे गावातली भातशेती सांभाळून ते जुन्या कपाटांची, पेट्यांची कुलपं बदलून देतात. पण गिऱ्हाइकापेक्षा कपाटाचं जास्त ऐकतात. जुन्या लाकडाला नवं भोक पाडायचं नाही, हा त्यांचा धर्म. त्याच भोकांत बसणारं कुलूप मिळावं म्हणून भंगारवाल्यांचे ढीग उपसत बसतात आणि घरच्यांना वाटतं, मामा खाचरात आहेत. लवळ्याच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे अक्षता मुठीत धरून यजमानांच्या कपाटाच्या किल्लीच्या भोकात डोकावत होते. मारुंजीचे एक साहेब म्हणाले, "कुलूप नको, वरची पितळी चकती तेवढी चमकवा, लुक छान येतो." मामा उठलेच. "कपाट हाय का कॅलेंडर?" साहेबांनी शेवटी कुलूपच बसवून घेतलं. नवी किल्ली तर मामा लगेच देतच नाहीत. आधी काही दिवस स्वतःच्या करगोट्याला बांधून हिंडतात. "नवी किल्ली बोचती. जरा माणसाळू द्या." त्यामुळे मामांच्या आधी त्यांचा खुळखुळाट घरात येतो.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे मारुंजीला आल्या. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना चोरट्यासारखं वाटे. लुगडी पिशवीतच ठेवत, चहासुद्धा विचारून घेत. "मी काय, चार दिसांची पाव्हणी," म्हणत. बायको यावरून एकदा रडलीसुद्धा. सासूबाईंची लग्नातली पेटी वाटण्यांच्या वेळी दिरांनी पहारीनं फोडली होती. ती तेव्हापासून माहेरी, रिह्यात मामांकडे पडून होती. एक दिवस मामा ती टेम्पोत घालून घेऊन आले. फुटल्या जागी सागाचा तुकडा बेमालूम बसवलेला, कुलूप जुन्याच भोकांत. त्यांनी करगोट्याची किल्ली सोडली.

"आक्का, लावून बघ."

"लेकीच्या घरात कुलूप लावू व्हय रं?"

"लाव. लेकीनंच जागा केलीया पेटीला."

सासूबाईंनी पिशवी रिकामी केली. एकेक लुगडं हात फिरवून पेटीत ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. मामा हत्यारं गुंडाळून निघाले, तशा त्या दारात आडव्या आल्या.

"कुटं निगालास? पिठलं टाकतीया. जेवून जा."

आमच्या घरात त्यांनी पहिल्यांदाच कुणाला जेवायला थांबवलं होतं. मामांनी चपला काढल्या आणि भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ उगाच हात पुसत राहिले.